म्हैस व्यायल्याची बातमी

मध्य भारत राज्य होतं तेव्हाची गोष्ट. इंदूरला आमच्या घरी हिंदी वर्तमानपत्र यायचं. दुपारी आई ओट्यावर बसून ते मोठ्याने वाचायची आणि गल्लीतल्या बायका ऐकायला जमायच्या. तिचे मराठी वळणाचे उच्चार ऐकून त्या हसायच्या.

एकदा आमची दूधवाली म्हणाली, "बाई, इसमें अपनी गली का कुछ नहीं आता?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या बातम्या संपल्यावर आईने तशाच गंभीर आवाजात वाचलं, की आपल्या दूधवालीची म्हैस व्यायली, पारडी झाली, दोघी खुशाल आहेत. दूधवाली हरखली. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने तो कागद मागून घरी नेला.

आईला मात्र चैन पडेना. सकाळी दूध घेताना तिने सांगून टाकलं, "वो छपा नहीं था. मैंने ही जोड़ा था."

"मालूम है, बाई," दूधवाली हसून म्हणाली, "पर सबने सुना ना?"

पुढे बायका आपापल्या घरच्या बातम्या आईला आधीच सांगून ठेवू लागल्या. इतकं मन लावून बातम्या ऐकणारी माणसं मला नंतर कुठे भेटली नाहीत.