शेवटच्या प्रश्नाची उत्तरं

तुम्ही दोघा नातवंडांनी परवा फोनवर विचारलंत, काकाचा भुताचा सिनेमा चालेल का. मी विषय बदलून तुमच्याकडे बर्फ किती पडला ते विचारलं. मग दिवसभर स्वतःचीच लाज वाटत राहिली. म्हणून झालं ते क्रमाने लिहिते आहे.

तुमचा काका लातूरला एका खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा, आणि रविवारी आपली सिनेमाची गोष्ट लिहायचा. अकरा वर्षं लिहीत होता. दोन निर्मात्यांनी ती वाचून परत केली. तिसऱ्याला आवडली, पण त्याने अट घातली. मराठवाड्यातल्या साठ बायकांना विचारायचं, त्यांना कशाची भीती वाटते आणि असा सिनेमा बघायला त्या थिएटरात येतील का. बाई आली की घरदार येतं, असं त्याचं म्हणणं. मुदत रथसप्तमीपर्यंत.

काकाला क्लासमधून सुट्टी मिळेना. मला फोनवर म्हणाला, "आई, हे नाही जमलं तर मी परत कुणाच्या दारात जाणार नाही." चिडून म्हणाला असता तर मी समजूत घातली असती. तो अगदी शांतपणे म्हणाला. त्रेचाळीस वर्षांच्या मुलाचा असा आवाज ऐकवत नाही.

मी म्हटलं, साठ बायका माझ्याकडे लागल्या. नांदेडात निम्म्या बायका माझ्या विद्यार्थिनी. मी नीट प्रश्नपत्रिका तयार केली. वर नाव, वय, गाव. खाली दहा प्रश्न. तुमच्या आजोबांनी झेरॉक्स काढून आणल्या. संक्रांतीचे दिवस होते, आपल्याकडे हळदीकुंकू होतं. तिळगूळ दिला, वाण दिलं आणि प्रत्येकीच्या हातात एक कागद दिला.

चोवीस कागद परत आले. सगळ्यांवर एकच उत्तर: कशाचीही भीती वाटत नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने तर "अंधश्रद्धा : एक शाप" असा निबंध लिहून दिला, समास सोडून.

माझी मोठी जाऊ, म्हणजे तुमची मुदखेडची आजी, कोपऱ्यात बसून बघत होती. बायका गेल्यावर म्हणाली, "मास्तरीणबाई, सवाष्णींना संक्रांतीचं वाण म्हणून भुताचा कागद दिलास व्हय? आन् वर नाव लिहायला सांगितलंस. भीतीपुढं आपलं नाव कोन लिहून देतं गं? लिहिलं म्हंजे बोलावनं झालं ते."

मग तिनेच मला शिकवलं. कागद पिशवीत ठेवायचा. तुला भीती वाटते का असं विचारायचंच नाही. तुझ्या माहेरी कुणाला काही झालं होतं का, असं विचारायचं.

ती मला घेऊन नांदेडात आणि मुदखेडात घरोघर हळदीकुंकवाला फिरली. आणि बायका बोलल्या. सगळं दुसऱ्या कुणाचं. नणंदेला मागून ओळखीच्या आवाजात हाक यायची, तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नसते. मावशीच्या घरात आतून कडी लागायची आणि आत कुणीच नसायचं. बोलताना आपल्याच मंगळसूत्राला हात. घरी आल्यावर मी आठवून आठवून एकेकीचा कागद भरायची, बिननावाचा, आकडा घालून. पहिले चोवीस बाद करून असे साठ भरले. रोज काकाला फोनवर वाचून दाखवायची. तो म्हणायचा, "आई, हे सोनं आहे."

शेवटचा प्रश्न मी वाचून दाखवत नव्हते.

तो मी प्रत्येकीला विचारला होता. असा सिनेमा लागला तर याल का? एकीनेही हो म्हटलं नाही. एक म्हणाली, हे बघायला तिकीट कशाला, घरात कमी हाय का. एकीला कुणी नेणारंच नव्हतं. उमरीहून आलेली एक सून म्हणाली, "बघीन हो मॅडम, पण थिएटरातून घरी यायला बोळ तीच हाय की."

मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी काकाचा फोन आला. म्हणाला, निर्माता फक्त शेवटच्या प्रश्नाचा आकडा बघणार आहे.

मी टेबलाशी बसले. सगळे कागद माझ्याच अक्षरात होते. चाळीस वर्षं मी कॉपी करणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर काढलं आहे. साठ कागद मी नव्याने उतरवून काढले आणि शेहेचाळीस बायकांना थिएटरात पाठवलं. चौदा जणींना घरी ठेवलं, नाहीतर खरं वाटलं नसतं. जुने कागद बंबात घातले. जाऊ पलीकडे शेंगा सोलत होती. तिने काय जाळतेस म्हणून विचारलं, मी रद्दी म्हणाले.

निर्मात्याने होकार दिला. काका पेढे घेऊन आला. भेटेल त्याला सांगत होता, आपल्या बायकांना हा सिनेमा हवाय, आईने स्वतः विचारलंय. मी सांगायचं ठरवायची आणि त्याचं तोंड बघून गप्प बसायची. असे दोन महिने गेले.

मागच्या रविवारी त्याने एक इंग्रजी पत्र माझ्यापुढे ठेवलं. क्लासचा राजीनामा. "इंग्रजी बघ जरा," म्हणाला. मी लाल पेन घेतलं. पहिल्याच ओळीत त्याने लिहिलं होतं की प्रेक्षकांचा कौल मिळाल्यामुळे तो हा निर्णय घेत आहे.

मी पेन खाली ठेवून म्हटलं, "हे देऊ नकोस. शेवटच्या प्रश्नाची उत्तरं माझी आहेत."

त्याला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, आकड्यासकट.

तो म्हणाला, "मेल काल सकाळीच गेला, आई. ही नुसती ऑफिसची प्रत." मग म्हणाला, "त्यांनी काल संध्याकाळीच माझी बॅच दुसऱ्याला दिलीसुद्धा."

मी रडले. तो रागावला नाही, जवळही आला नाही. राजीनाम्याचा कागद उलटा करून त्याने कोऱ्या बाजूवर पहिला आकडा घातला आणि म्हणाला, "सांग. शेवटच्या प्रश्नाला कोण काय म्हणाली ते."

मला सगळं क्रमाने पाठ होतं. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. सतराव्या बाईचंही 'नाही' लिहून त्याने पेनाला टोपण लावलं.

"पुढं?" मी विचारलं.

"पुरे," तो म्हणाला.