कपिला आणि उभा मका

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात दोन गोष्टी कधी संपल्या नाहीत. एक टिंक्चर आयोडीन आणि दुसरे किस्से! पंचाहत्तर-शहात्तरचा सुमार, गाव कराड आणि इस्लामपूरच्या मधलं, आणि मी तिथला कंपाउंडर. त्या उभ्या मक्याचे किस्से मी अजून लग्नाच्या पंगतीत सांगतो.

*

आमच्या डॉक्टरसाहेबांनी चावडीवर मीटिंग घेतली. "उन्हाळ्यात पाण्यावर मका करा. कापू नका, वाहू नका. रोज एक पट्टा धरून जनावरं सरळ उभ्या मक्यात सोडा!"

गावचे कोतवाल धोंडीनाना मागून म्हणाले, "सायेब, आमची जनावरं चोरून रोज ह्येच करत्यात. तुमी फकस्त परवानगी आणलीसा!"

*

तरी रिटायर सुभेदार तयार झाले. कडबा संपलेला, दोन्ही पोरं पलटणीत, यांची कंबर धरलेली. चारा कापून आणणार कोण? दावणीला दोन म्हशी आणि कपिला गाय. कपिला मक्यात चरली तर ठीक, नाहीतर गुरुवारी कराडच्या बाजारात, असं त्यांनी घरात जाहीर केलं.

त्यांच्या मंडळी अनुसयाकाकी तडक दवाखान्यात. "कालवड हुती तवापास्नं वाढवलीया मी तिला. ती बाजारात गेली, तर तिच्या दाव्याला तुमाला बांधीन!"

साहेब हसले. मी नाही हसलो. मी काकींना ओळखत होतो.

*

पहिल्या दिवशी म्हशी मक्यात घुसल्या, आणि तासाभरात कोंडवाड्यात! धोंडीनानांनीच हाकलत नेल्या.

"अहो नाना, मालक स्वतः बांधावर उभे होते ना?" साहेबांनी विचारलं.

"व्हय की! म्हशी पीक खात्यात आन मालक बघत उभा! मला वाटलं, सुभेदारास्नी ऊन लागलं!"

*

मग साहेबांनी बोर्ड लावला, 'येथे उभ्या मक्यात जनावरे चारण्याचा प्रयोग चालू आहे.' दुसऱ्या दिवशी मक्यात गावची अकरा जनावरं!

"सरकारी बोर्ड हाय, म्हणून आणली," लोक म्हणाले. सुभेदारांनी बोर्ड उपटून चुलीत घातला.

*

बुधवार उजाडला. म्हशी मजेत चरत होत्या, पण कपिला बांधापुढे पाऊल टाकेना. उभ्या पिकाला तोंड लावलं की काठी, ही काकींचीच शिस्त! आम्ही ढकललं, ओढलं, कणसाला गूळ फासला. कपिला आपली काकींच्या तोंडाकडे बघत उभी.

"काकी, काठी टाका," साहेब म्हणाले. काकींनी काठी टाकली. कपिला हलली नाही.

"माझंच चुकलं गं बाई," म्हणत काकी रडायलाच लागल्या. सुभेदार दुसरीकडे बघत म्हणाले, "उद्या पहाटे निघावं लागंल."

तेवढ्यात धोंडीनाना पुढे झाले. "सुभेदार, चोरी कुणी असं मालकाम्होरं करतंय व्हय? जरा तोंडं फिरवा की!"

सुभेदार ताठ झाले. कंबर विसरले. "सब लोग, पीछे मुड!"

साहेब, मी, नाना, काकी, सगळे ओळीत मक्याकडे पाठ करून उभे. बऱ्याच वेळानं मागे पाचोळा वाजला. मग कणीस मोडल्याचा आवाज आला.

सुभेदारांची मान वळायला लागली, तशा काकी दबक्या आवाजात ओरडल्या, "आवं, फुडं बघा! लाजंल ती!"