न्यूबियाचा राजा आणि कल्याणचे जुळारी

कल्याणच्या छापखान्यात माझी पत्रकं जुळवणारे एक जुळारी शिशाच्या अक्षराचा खिळा अगदी नाकाला लावून वाचायचे, पण चष्मा घेत नसत. "ज्योतिषीबुवांनी पन्नाशीला मरण सांगितलंय. उरल्या दोन वर्षांसाठी चष्मा कशाला?" असं हसत म्हणायचे. मला संताप यायचा.

मग मी न्यूबियाच्या एर्गामेनिस राजावर पत्रक लिहिलं. पुजाऱ्यांनी देवाच्या नावाने हुकूम धाडला की तिथले राजे मुकाट मरत. हा मात्र ग्रीक विद्या शिकलेला. तसा हुकूम येताच त्याने देवळात सैन्य घुसवून पुजारीच कापून काढले.

आठवड्याने छपाई न्यायला गेलो, तर जुळाऱ्यांच्या नाकावर नवा चष्मा.

"पटला ना राजा?" मी विचारलं.

"शिकला ते बरं केलंन. पण माणसं कशाला हो कापायची? मी बुवांना नुसता चष्मा दाखवून आलो."