आधी माणूस, मग बातमी

भोरच्या आमच्या साप्ताहिकाचे संपादक यशवंतराव तथा नाना यांची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी एका पत्र्याच्या खोलीत कोंडलेला होतो. तोवर मी हिर्डोशीहून एसटीच्या कंडक्टरबरोबर त्यांना बातम्या पाठवत असे. त्यांनी माझं अक्षर पाहिलं होतं, तोंड पाहिलं नव्हतं. नसरापूरजवळच्या एका खडी क्रशरच्या धुळीने आजूबाजूची पिकं पांढरी पडली होती. त्याचे फोटो काढताना तिथल्या माणसांनी माझा कॅमेरा काढून घेतला आणि बाहेरून कडी लावली.

एका शेतकऱ्याने फोन केला म्हणून नाना भोरहून आले. ऑफिससमोर खुर्ची मागून घेतली आणि ठाण मांडून बसले. मॅनेजरने विचारलं, "सोडला तर बातमी छापणार का?"

"छापणार. पण आमचा माणूस परत आल्याशिवाय आम्ही त्याची बातमी छापत नाही."

पत्र्याआडून मी ते ऐकत होतो. इतकं खरं बोलायची काय गरज होती, असं मला आजही वाटतं. दुपारी कडी निघाली. बातमी पुढच्या अंकात माझ्या नावानिशी आली.

नानांच्या कामाची पद्धत ती हीच. बातमीदार बाहेर असेल तर तो कुठे आहे हे छापायचं नाही, त्याचा मजकूरही छापायचा नाही. यापायी कितीतरी बातम्या शिळ्या झाल्या, आम्ही कुरकुरलो, त्यांनी आम्हाला फैलावर घेतलं. "बातमीदाराला लिहून घरी येता आलं पाहिजे. माझं वृत्तपत्रस्वातंत्र्य एवढंच," असं ते म्हणतात.

हा नियम मी मोडला. ते इथे लिहिल्याशिवाय नानांबद्दल लिहिण्याचा मला अधिकार नाही.

वेल्ह्याची प्राजक्ता आमच्याकडे शिकली, पुढे मोठ्या ठिकाणी गेली आणि युद्ध चाललेल्या एका देशात वार्तांकनाला पोचली. नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते आणि अंक माझ्याकडे होता. अभिमानाने माझी छाती फुगली होती. गावाकडे करतात तसं मी तिचं पहिल्या पानावर अभिनंदन केलं: 'वेल्ह्याची लेक रणभूमीवर.' फोटो टाकला, ती उतरली होती त्या शहराचं नावही टाकलं. लोकांनी ते पान मोबाईलवरून जगभर पाठवलं. पंधरा दिवसांनी तिला आणि तिच्या गाडीच्या चालकाला बंदूकधाऱ्यांनी उचलून नेलं.

मी नानांसमोर जाऊन रडलो. त्यांच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा नुकताच निघाला होता. ते म्हणाले, "आपल्या अंकामुळं झालं असं म्हणता येत नाही. नाही झालं असंही म्हणता येत नाही. बस. चहा घे." त्यानंतर एका शब्दानेही त्यांनी तो विषय काढलेला नाही. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

तिने शेवटची बातमी नानांनाही पाठवली होती. त्यांनी ती कागदावर काढून खणात ठेवली आहे. तिचे वडील एकदा म्हणाले, "छापा की नाना, निदान पोरीचं नाव तरी ऱ्हाईल."

"नाव राहावं म्हणून ती गेली नाही, दादा. ती आली की छापू."

नाना दर आठवड्याला एसटीने वेल्ह्याला जातात. पहिल्यांदा गेले तेव्हा तिची आई दारातच उभी राहिली. "नाना, तुमी दिसला की वाटतं, काय तरी कळलं." तेव्हापासून नाना स्टँडवरून आधी फोन करतात, "वहिनी, काही कळलेलं नाही. नुसता चहाला येतोय." मग घरी जाऊन दोन घटका बसतात आणि तिच्या शाळेतल्या खोड्या ऐकतात. माझं मात्र अजून त्या उंबऱ्याशी जायचं धाडस झालेलं नाही.

नानांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथासाठीचा हा लेख इथवर लिहून त्यांना दाखवला. त्यांनी 'ऋषितुल्य' खोडलं, त्या देशाचं नाव खोडलं आणि कागद खणात प्राजक्ताच्या बातमीवर ठेवून दिले. "यात तिचं नाव आहे. म्हणजे ग्रंथ ती आल्यावर." सत्कार समितीने हॉल ठरवला होता, पाहुणे ठरवले होते. सगळ्यांनी हात जोडले, पण नाना बधले नाहीत. पंच्याहत्तरी उलटून गेली तरी चालेल, म्हणाले.

नानांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो असं मी रीतीखातर लिहीत नाही, भीतीपोटी लिहितो आहे. तो खण त्यांच्याच हातांनी उघडायला हवा. आज लिहिताना मला काहीच ठाऊक नाही. पण वाचकहो, हा ग्रंथ तुमच्या हातात असेल, तर प्राजक्ता घरी आलेली आहे.