एक तिकडे, एक इकडे

मला हृदयविकाराचा झटका आला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण नागपूरच्या धंतोलीतल्या त्या दवाखान्यात हे ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. ज्याच्या छातीला तारा चिकटवलेल्या असतात, त्याच्या बोलण्याला तसाही काही भाव नसतो.

झालं असं की माझी बायको, शोभा, लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली. दोन महिन्यांसाठी! बाळ आता रांगायला लागलं होतं, त्यावरून काय ते समजा. प्रताप नगरातल्या आमच्या घरात मी एकटा. कुकरच्या शिट्ट्या मीच मोजायचो आणि 'झाल्या गं' असं मीच ओरडून सांगायचो. मला अजिबात करमत नव्हतं. (हे तिला सांगायची सोय नव्हती. 'मग या ना इकडे,' म्हणाली असती, आणि जावयाच्या घरी मला तिसरी पोळी मागता येत नाही.)

म्हणून मी आमच्या लग्नाच्या वेळचा रेकॉर्ड प्लेअर माळ्यावरून काढला. वाजला! पण सतार अशी वाजली, की वाजवणारा डोक्यावरून गोधडी घेऊन बसला असावा. मग मी सुई बदलली. सुई नवी म्हणून पट्टा नवा, पट्टा नवा म्हणून वायरी नव्या. शेवटी जुन्या एकुलत्या एक स्पीकरच्या जागी दोन नवे आणले आणि खोलीच्या दोन टोकांना एकेक ठेवला. आता सतार एका बाजूला, तबला दुसऱ्या बाजूला, सगळं कसं लख्ख! मी खूश होऊन वळलो आणि म्हणालो, "पाहिलं?" मागे फक्त सोफा होता.

आधीचा आवाज आणि आताचा आवाज यांतला फरक कुणीतरी ऐकावा, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून शेजारच्या वानखडेभाऊंना बोलावलं. जुनी सुई आणि जुना स्पीकर मी सांभाळून ठेवले होतेच, ते लावून आधी आधीचं ऐकवलं, मग नवं. आता, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, चालू होता. नागपूरचा कूलर चालू असला की सतार काय, ढोलताशासुद्धा ऐकू येत नाही. म्हणून नवं ऐकवताना मी कूलर बंद केला.

"वा!" वानखडेभाऊ म्हणाले.

"अजून सुई ठेवली नाही मी."

"हो का? ठेवा, ठेवा."

सतार वाजली. मी आशेनं विचारलं, "काय फरक वाटला?"

"फरक म्हंजे, पहिल्यात कूलर चालू होता, दुसऱ्यात बंद आहे. चालू करा ना बाप्पा, मरून राहिलो मी!"

ते गेले ते सरबत न पिताच. मग मला वाटलं, शोभालाच का ऐकवू नये? फोन कशासाठी आहे? लेकीनं मला मुद्दाम नवा, भारीतला फोन घेऊन दिला होता. दुपारी बाळ झोपलं की शोभा मोकळी असते. मी कूलर बंद केला, बनियनवर बसलो, फोन स्पीकरसमोर धरला.

"शोभा, आता काही बोलू नको. फक्त ऐक."

"काय ऐकू जी?"

"बोलू नको म्हटलं ना वं!"

जुन्या सुईवर सतार लावली. अख्खा आलाप ऐकवला. शोभा इतकी शांत, की मला भरून आलं. मग मी वाकून सुई आणि वायरी बदलायला लागलो. ते काम नाजूक, हात घामानं ओले, माझा श्वास वर चढलेला. त्यात स्क्रू निसटून सोफ्याखाली गेला. "अरे देवा!" मी म्हणालो. तो काढायला पालथा पडलो आणि तिथूनही एकदा "अरे देवा!" म्हणालो.

"अजी, बरं आहे ना तुमाले?"

"चूप! आता दुसरं ऐक."

पुन्हा तोच आलाप. मग मी फोन कानाला लावला. छातीत धडधडत होतं, कारण इतक्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदाच काही दाखवत होतो. "आता मनापासून सांग. आधीचं बरं होतं का आताचं?"



"आधीचं," शोभा म्हणाली. "आधीचंच बरं होतं जी."

"काहून? आताच्यात काय कमी आहे?"

"एक तिकडे, एक इकडे. मधात काहीच नाही."

मी थक्क झालो! दोन स्पीकर लांब ठेवले की मधली जागा रिकामी वाटते, हे जाणकारांच्या लक्षात येतं. आणि ही बाई पुण्यात बसून, फोनवर, एका ऐकण्यात सांगते! हिच्याबरोबर एवढा संसार केला आणि हिला असा कान आहे हे मला माहीत नव्हतं.

"बरोब्बर पकडलं!" मी ओरडलो. "अवं, मी मुद्दामच तसं केलं! एक तिकडे अन् एक इकडे करायचं, हे कवापासून माझ्या मनात होतं!"

"मुद्दाम?"

"मंग? आधी दोघं एकाच डब्यात कोंबून होते. किती घुसमट! आता कसं मोकळं वाटते!"

फोन कट झाला. रेंज गेली असावी असं समजून मी डोळे मिटून पुढचा आलाप ऐकत बसलो.

वानखडेभाऊ थेट आत शिरले, तेव्हा त्यांना जे दिसलं ते असं: मी बनियनवर, घामानं निथळलेला, डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली. शोभानं त्यांना फोनवर सांगितलं होतं, की यांना धाप लागली आहे, मध्येच 'अरे देवा' म्हणतात, नाहीतर घटकाभर काही बोलतच नाहीत, आणि बोलले की भलतंच बोलून राहिले! भाऊंनी मला उचललं. खरोखर उचललं! मी "सुई! सुई उचलू द्या!" म्हणून ओरडत होतो.

"दवाखान्यात देतीन सुई," भाऊ म्हणाले आणि मला गाडीत कोंबलं.

डॉक्टरांनी विचारलं, "घाम कधीपासून?"

"कूलर बंद केल्यापासून."

"त्रास काय होतो?"

"मला पहिल्यात आणि दुसऱ्यात फरक कळतो, पण दुसऱ्या कोणाला कळत नाही."

डॉक्टरांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी मान हलवली. तारा चिकटवल्या गेल्या.

कागद यायची वाट पाहताना मी भाऊंना सगळं सविस्तर सांगितलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "भाऊ, वहिनीले सतार ऐकूच नाही गेली! हे नवे फोन बाजूचा आवाज कापून टाकतात. मी बहिणीले भजन ऐकवलं, तं तिले निरा माझा खोकलाच ऐकू गेला."

म्हणजे तिनं नुसता माझा श्वास ऐकला होता. आणि 'आधीचं बरं होतं' हे सुईबद्दल नव्हतं. मला एकदम रडू आलं. भाऊंनी घाबरून नर्सला हाक मारली.

"थांबा, वहिनीले सांगून देतो," भाऊ फोन लावत म्हणाले. "त्या यायले निघाल्या. म्हणतो, गैरसमज झाला, येऊ नका."

मी फोन हिसकावला. खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून म्हटलं, "शोभा, मले काही झालं नाही वं. मी रेकॉर्डबद्दल बोलून राहिलो होतो."

"बरं, बरं," ती म्हणाली. तापात बरळणाऱ्याला म्हणतात, तसं. "बोलू नका, पडून राहा. गाडीत बसली मी. सकाळी पोचते."

फोन ठेवला आणि डॉक्टर आले. कागद हातात, चेहरा हसरा. "काहीही नाही! हृदय एकदम ठणठणीत. उठा, घरी जा."

भाऊ माझ्या चपला शोधायला लागले. मी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि हळूच म्हणालो, "डॉक्टरसाहेब, बायको येऊन राहिली. तेवढं सकाळपर्यंत मले बीमार ठेवता का?"