मुंगी चावल्यासारखं

दातांच्या दवाखान्यात तिचं काम कागदोपत्री साधं होतं: नंबर लावायचे, अवजारं उकळायची, पेशंटच्या तोंडातलं पाणी ओढणारी नळी धरायची. खरं काम कागदावर कुठेच नव्हतं. डॉक्टरांनी सुई उचलली की पेशंटच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि गोड आवाजात थाप मारायची, "काही होत नाही. मुंगी चावल्यासारखं वाटेल." या एका वाक्यावर तिने इतकी वर्षं काढली आणि मुंगीताई हे नाव कमावलं. त्या मुंगीने भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं. एक कंडक्टरबाई तर खुर्चीतून ताडकन उठली आणि बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, की ही मुंगी असेल तर विंचवाला माझा नमस्कार सांगा.

छातीत गाठ हाताला लागली तेव्हा मुंगीताईने स्वतःलाही तेच सांगितलं. काही होत नाही. पेशंट निदान ओरडायचे तरी. हिने मुकाट्याने विश्वास ठेवला. गाठ काही फसली नाही. शेवटी लेकीने हाताला धरून नेलं, तपासण्या झाल्या, रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, पण त्यावर उपचार आहेत. आधी शिरेतून औषधं, मग ऑपरेशन. उशीर करू नका.

मग धीर द्यायला माणसं येऊ लागली. जाऊ म्हणाली, आजकाल हे सर्दीखोकल्यासारखं झालंय. शेजारीण म्हणाली, केस गेले तर पुन्हा येताना कुरळे येतात, पार्लरला जायलाच नको. दीर फोनवर ओरडून सांगे, मन खंबीर ठेवायचं, बस्स. जणू गाठ मनातच झाली होती. नवरा बिचारा नुसता पाठीवरून हात फिरवायचा, आणि एकदा त्याला तोंड फुटलं तेही "काही होत नाही गं" एवढंच म्हणायला. जो तो उठताना म्हणायचा, काही लागलं तर सांग. आणि चपला घालून निघायचा.

दुसऱ्या कुणाला याने बरं वाटलं असतं. मुंगीताईला उलट धास्ती बसली. धंद्यातलं गुपित तिला ठाऊक होतं: जेवढी सुई मोठी, तेवढा धीर मोठा. नुसते दात साफ करायचे असले तर ती पेशंटशी धड बोलायचीसुद्धा नाही. इथे अख्खं खानदान धीर द्यायला लोटलं होतं. म्हणजे पुढे काय वाढून ठेवलं असेल?

औषधं सुरू होण्याआधी दात दाखवून या, असं कॅन्सरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे ती आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच दवाखान्याच्या खुर्चीत आडवी झाली. एक किडकी दाढ काढायची होती. डॉक्टरांनी सुई उचलली आणि, तिच्याकडूनच उचललेल्या सवयीने, म्हणाले, "मुंगी चावल्यासारखं वाटेल हं." सोनारानेच कान टोचलेले बरे म्हणतात. इथे तरीही दुखलंच. ती घळाघळा रडली, आणि ते रडणं दाढेचं नव्हतं. ती भयंकर घाबरली होती.

दाढेचं निमित्त मात्र बरं सापडलं. जखम भरू दे, मग बघू. जखम भरली, तरी बघू. कॅन्सरच्या दवाखान्यातून फोन आले, लेकीने अबोला धरला. मुंगीताई आपली गालाला हात लावून बसे, नाहीतर सरळ कामावर जाई.

तिथेच ती कंडक्टरबाई पुन्हा उगवली, दात साफ करून घ्यायला. डोक्यावर जेमतेम बोटभर केस. विचारल्यावर कळलं, तिलाही तेच झालं होतं. औषधं, ऑपरेशन, सगळं पार पडलं होतं आणि ती पुन्हा गाडीवर रुजू झाली होती. मुंगीताईने हलक्या आवाजात आपलं सांगितलं आणि सवयीने पुढे म्हणाली, "काही होत नाही ना पण?"

"होतं," कंडक्टरबाई म्हणाली.

खूप वेळ उभं राहिलेल्या माणसाला कुणी बसायला जागा द्यावी, तसं मुंगीताईला वाटलं.

मग कंडक्टरबाईने काय काय होतं ते सांगितलं. औषध घेतलं त्या दिवशी मी गप्पा मारत घरी आले, मळमळ आणि थकवा नंतर आला. तेव्हा घरात माणूस हवं. ताप आला तर घरात गोळी घेऊन पांघरूण ओढायचं नाही, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. तोंड सोलून निघतं, मऊ ब्रश आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, हे तर तूच जगाला सांगतेस. केस आधीच बारीक कापून घे, उशीवर झुबके बघावे लागत नाहीत. कुणी चूर्ण आणून दिलं तर आधी डॉक्टरांना दाखव. आणि "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे पकड, भांडी घासायला लाव. पुन्हा येणारा खरा.

"सगळ्यांचं सारखं नसतं," ती उठता उठता म्हणाली. "मी माझ्या गाडीचं सांगितलं, तुझ्या गाडीचं डॉक्टरांना विचार. पण गाडीत चढ, बाई. स्टॉपवर उभं राहून कुणी पोचत नाही."

त्या संध्याकाळी मुंगीताईने केस कापून घेतले. जाऊबाई पुन्हा धीर द्यायला आल्या तेव्हा त्यांच्या हातात भांड्यांची घासणी दिली. लेकीला म्हणाली, मला भीती वाटते, तू बरोबर चल.

वॉर्डातली नर्स चेहऱ्याने गोड होती. तिने शीर शोधली, सुई उचलली, खांद्यावर हात ठेवला. "काही होत नाही हं मावशी, मुंगी..."

"सिस्टर," मुंगीताई म्हणाली, "खरं सांगा."

नर्सने खांद्यावरचा हात काढून घेतला. "दुखेल," ती म्हणाली.

"मग टोचा," मुंगीताई म्हणाली आणि तिने हात पुढे केला.