मुराळ्याची वाट

माझी शाळा सातवीत सुटली. गोष्टीतल्या माणसांचंही मन तपासायचं असतं, हे मला लातुरात येऊन कळलं. नवरा गेल्यावर कामासाठी इस्लापूरहून इतक्या लांब आले. ज्यांच्याकडं राहते त्या बाई कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. आता त्यांची नजर गेली आहे. दुपारी भांडी आवरली की मी त्यांना वाचून दाखवते. अंग आंबलेलं असतं, डोळ्यांवर झापड येते. पण कंटाळा करवत नाही. त्यांनी आसरा दिला, वर वाचायची गोडी लावली. एवढ्या उपकारापुढं झोप काय मोठी?

गेल्या वर्षी नागपंचमीच्या आधी एक जुन्या काळातली गोष्ट वाचत होते. नांदायला आलेली एक बाई उंबऱ्यात उभी असते, रस्त्याकडं डोळे लावून. मुराळी काही येत नाही. शेवटी ती सासूला म्हणते, "आमच्याकडचं कुणी आलंच नाही."

"का उभी आहे ती?" बाईंनी विचारलं.

"का म्हंजे? मुराळ्याची वाट बघून राहिली. पंचमीला माहेरचं माणूस न्यायला आलं न्हाई तर लेकीनं काय करावं?"

"तिचं तोंड ऐकलंस. आता हात बघ. जरा मागं जा."

मागची पानं उलटली. तिनं आठवडाभराचं दळण काढलं होतं. गाठोडं बांधलेलं नव्हतं. तिच्या माहेरच्या गावाकडं निघालेल्या शेजारणीनं निरोप विचारला, तर "काही नाही" म्हणाली होती. हे सगळं मीच वाचलं होतं, पण नुसतंच वाचलं होतं.

"जाणाऱ्या बाईचं घर असं असतं का?" बाई म्हणाल्या. "तिला जायचंच नसेल. पण तसं स्वतःशीसुद्धा म्हणवत नसेल. मग कुणी आलं नाही, हे बरं पडतं."

"तुमचं शास्त्र लई वंगाळ बाई. माणसाला दारात नुसतं उभंपण राहू देत न्हाई."

त्या हसल्या. "अगं, मी गोष्टीतल्या बाईबद्दल बोलतेय."

मी पुस्तक मिटलं. सकाळीच धाकट्या भावाचा फोन येऊन गेला होता. "अक्का, औंदा येऊ का न्यायला?" मी नेहमीचंच सांगितलं, बाईंना कोण बघणार? "दरसाल तुझं तेच. बाई काय तान्ह्या हायत का?" म्हणून त्यानं फोन ठेवला होता. बाईंची पुतणी वरच्याच मजल्यावर राहते. तिला मी कधी विचारलंही नव्हतं.

आई गेल्यापासून मी माहेरी पाऊल टाकलं नव्हतं. आता तिच्या जागेवर भावजय असणार, मला पाहुणीसारखं "बसा" म्हणणार. न गेलं की आईचं घर डोक्यात जसंच्या तसं राहतं. हे मला त्या दुपारी दिसलं, आणि दिसून हलकं वाटलं असं काही नाही. उलट उठवेना.

संध्याकाळी पुतणीला विचारलं. "जाऊन या की मावशी, मी आहे ना," ती म्हणाली. इतकं सोपं होतं. मग भावाला फोन लावला.

"ये न्यायला." मी म्हणाले, "आधी तुझ्या बायकोला विचार."

तिनंच फोन ओढून घेतला. "मला काय विचारायचं वन्सं? या तुम्ही. पंचमीला दिंडं करायची असतेत, अन् माझी उकडताना फुटतेत, सगळं पुरण पाण्यात. आत्याबाईंसारखी जमत न्हाईत. तुम्ही दाखवा."

हो म्हणावंसं वाटलं. तेवढीच तिथं आपली गरज. पण म्हणाले, "मलाबी येत न्हाईत गं. आई करायची, मी खायला बसायची."

"मग फुटकी खाऊ. पोटात गेल्यावर कोण बघतंय?"

मागून भाऊ विचारत होता, किती दिवस राहशील. एक मुक्काम, मी सांगितलं. त्याहून जास्त माझ्यानं होईल असं वाटत नव्हतं.